त्यांच्या दिव्याचं बटण

आमच्या स्वयंपाकघरात एक बटण होतं. ते दाबलं की दिवा शेजारच्या घरात लागायचा. नवीन माणसाला हे सांगितलं की तो हसतो. आमचं हसून कधीच झालं होतं.

शेजारचं घर म्हणजे माझ्या दिराचं. पूर्वी त्यांचं आणि आमचं घर एकच होतं. पुढे दोघा भावांचं बिनसलं, घराच्या मधोमध भिंत उठली आणि एका मोठ्या स्वयंपाकघराची दोन लहान स्वयंपाकघरं झाली. गवंड्याने भिंत ओळंब्यात बांधली, तिला नावं ठेवायला जागा नाही. पण दिवा कुठे जातोय आणि त्याचं बटण कुठे राहतंय, हे बघायचं त्या रागाच्या भरात कुणालाच सुचलं नाही. दिवा गेला त्यांच्याकडे, बटण राहिलं आमच्याकडे.

दोन शहाण्या माणसांनी बसून हे चहा निवायच्या आत मिटवलं असतं. पण आमचे हे म्हणाले, "दिवा त्याचा आहे, त्याने येऊन सांगावं." तिकडे भाऊजी म्हणाले असणार, "बटण दादाकडे आहे, त्याने येऊन विचारावं." शेवटी दोघे एकाच आईचे. त्यांचं दार मागच्या रस्त्याला, आमचं पुढच्या. ना कुणी गेलं, ना कुणी आलं.

निस्तरलं आम्ही दोघी जावांनी. भिंत बांधून झाली त्याच संध्याकाळी पलीकडून चमच्याचे दोन ठोके आले. मी बटण दाबलं आणि हातातल्या पळीने एक ठोका दिला. पलीकडून एक ठोका परत आला. दोन म्हणजे दिवा लावा, माझा एक म्हणजे लावला, तिचा एक म्हणजे लागला. रात्री तीन ठोके आले की मी बटण बंद करायची. हे ठरवायला आम्ही कुठे भेटलो नव्हतो. ते आपोआप ठरलं आणि तसंच चालू राहिलं.

माझं आणि धाकटीचं भांडण कधी नव्हतंच. पण नवरे बोलत नाहीत म्हटल्यावर आम्ही कोणत्या तोंडाने बोलणार? रस्त्यात भेट झाली तर नुसतं हसायचं, कारण रस्त्यात बोललेलं आपल्या आधी घरी पोहोचतं. बोलणं काय ते भिंतीवर. ठोके भराभर आले की समजायचं, बाई आज घाईत आहे. जड आले की समजायचं, बरं नाही. माझी आई गेली आणि मी माहेराहून परत आले, त्या संध्याकाळी बटण दाबल्यावर पलीकडून एक ठोका आला. थोड्या वेळाने आणखी एक आला, मग आणखी एक. आमच्या ठरावात त्याला काही अर्थ नव्हता. मी पळी हातात धरून भिंतीला टेकून रडले होते.

ठोके ह्यांच्याही कानावर पडत होतेच. पेपर वाचत तिथेच तर बसलेले असायचे. पण ऐकू येतं असं त्यांनी एकदाही दाखवलं नाही.

तर अशा त्या बटणावर एका रविवारी सकाळी आमचे हे स्क्रू-ड्रायव्हर घेऊन चालून गेले.

कारण काय, तर पन्हाळ. भाऊजींच्या पत्र्याच्या पन्हाळीचं पाणी आमच्या बोळात पडतं. आठवडाभर ह्यांनी त्या पाण्यावर तोंड सोडलं होतं, अर्थात घरातल्या घरात. रविवारी चहा पिऊन उठले आणि म्हणाले, "आज ते बटण काढून टाकतो. तिथे कपाट लावू."

"कोणतं कपाट?"

"घेऊ एखादं."

"आणि त्यांचा दिवा?"

"त्यांचा दिवा त्यांनी बघावा. त्या घराशी एवढीसुद्धा वायर नकोय मला."

मी म्हणाले, कपाटच लावायचं तर समोरची भिंत रिकामी आहे. मी म्हणाले, आज रविवार आहे, वायरमनला उद्या बोलावू. मी म्हणाले, त्या बटणाने तुमचं काय घोडं मारलंय? खरं कारण मात्र माझ्या तोंडून निघेना. संध्याकाळी धाकटी दोन ठोके देईल आणि मी भिंतीसमोर नुसती उभी राहीन, हे कसं सांगायचं? नवऱ्याला कसं म्हणायचं, की मी भिंतीशी बोलते आणि ते मला हवं आहे?

आमचे हे बसच्या डेपोत सुट्या भागांचं भांडार सांभाळतात. प्रत्येक स्क्रूचं नाव, नंबर, फळी, सगळं तोंडपाठ. तो स्क्रू बसतो कुठे, हे बघायचं काम दुसऱ्यांचं. पण नाव पाठ असलं की माणसाला वाटतं, काम पण येतं.

"मेन बंद कर," हे म्हणाले.

मेन स्विच आमच्या पुढच्या दाराशी आणि हे बटण घराच्या दुसऱ्या टोकाला. मी जाऊन मेन खाली ओढला आणि परत आले. ह्यांनी बटणाची फळी उघडली. आत तीन लाल वायरी बटणाला लागलेल्या. दोन एकाच स्क्रूखाली, तिसरी दुसऱ्या स्क्रूखाली. आणि भिंतीतल्या डब्याच्या तळाशी दोन काळ्या वायरी एकमेकींना पिळून वर टेप गुंडाळून ठेवलेल्या, चुन्याने माखलेल्या. त्या बटणाला कुठेच लागलेल्या नव्हत्या.

"हे बघ," हे म्हणाले, "काळी म्हणजे न्यूट्रल, करंट परत जायची वायर. बटणाच्या डब्यात न्यूट्रलचं काय काम? कुणीतरी उगाच कोंबून ठेवलंय." आणि पक्कडीने ती पिळलेली गाठ मधोमध तोडली.

"अहो, कशालातरी लागत असेल ती."

"कशालाही लागलेली दिसतेय का तुला?"

मला दिसत नव्हती. पण आपल्याला दिसत नाही म्हणजे ती लागलेली नाही, असं मला वाटत नव्हतं. ह्यांनी सगळ्या वायरींची टोकं वेगवेगळी करून त्यांवर छान टेप लावली. टेप लावण्यात त्यांचा हात धरणार नाही कुणी. बटण काढून कचऱ्याच्या डब्यात टाकलं, सकाळच्या चहापत्तीवर. ते टाकल्याचा आवाज मला आवडला नाही.

मी मेन वर केला. स्वयंपाकघरातली ट्यूब लागली, फ्रिज घुरघुरला. हे हात पुसत म्हणाले, "झालं. एवढंसं तर काम." आणि टॉवेल घेऊन आंघोळीला गेले.

बाथरूममधून आवाज आला, "इथला दिवा का लागत नाही?"

बाथरूमचा दिवा बंद होता. तिथल्या सॉकेटमध्ये करंट नव्हता. बाजूच्या बोळातला पंप, जो टाकीत पाणी चढवतो, तोही मुका झाला होता. म्हणजे स्वयंपाकघरापर्यंतचं सगळं चालू आणि बाथरूमकडचं सगळं बंद. ते बटण फक्त त्यांच्या दिव्याचं नव्हतं तर.

"तुम्हीच काहीतरी सोडवलंत," मी म्हणाले.

"मी बटण काढलंय. बाथरूमला हातसुद्धा लावला नाही."

डोक्याला टॉवेल बांधून हे परत डब्यासमोर बसले. जरा वेळाने त्यांच्या लक्षात आलं, आणि ते मान्य करायला पाहिजे, की एका स्क्रूखाली दोन वायरी होत्या, त्यांतल्या एकीने करंट यायचा आणि दुसरीने पुढे बाथरूमकडे जायचा. बटण काढलं तशी वाट तुटली. हे मोठ्याने म्हणाले, "अरे, हे तर सोपं आहे," आणि मला नेमकी तेव्हाच काळजी वाटायला लागली.

मग सुरू झाली माझी परेड. मेन चालू कर. मेन बंद कर. टेस्टर लावून हे बघणार कुठल्या वायरीत करंट आहे, मग मी जाऊन मेन बंद करणार, मग हे दोन टोकं जोडणार, मग मी मेन चालू करणार, मग बाथरूममध्ये जाऊन बघणार, मग परत येऊन "नाही" म्हणणार. ह्यांचे कान एवढे तिखट, की मी पुढच्या दारातून "केला बंद" म्हणून ओरडले की त्यांना "काय?" असं ऐकू यायचं. भाजी अर्धी चिरून तशीच पडलेली. माझ्या पायांना तर आता सवयच झाली होती, मनात काही न येता ते आपोआप दाराकडे वळत होते.

एकदा टेस्टर बाथरूममध्ये लागला. सॉकेटच्या भोकात घातल्याबरोबर आतला लाल ठिपका पेटला. हे खूश झाले. "आला करंट. लाव दिवा."

मी बाथरूमचं बटण दाबलं. दिवा लागला नाही.

"बल्ब गेला असेल."

बल्ब काढला, पुढच्या खोलीत लावून बघितला. व्यवस्थित लागला. परत बाथरूममध्ये लावला. नाही लागला. ह्यांनी पुन्हा टेस्टर घेतला, सॉकेटच्या एका भोकात घातला, ठिपका पेटला. दुसऱ्या भोकात घातला, तिथेही पेटला. हे बराच वेळ त्या दोन भोकांकडे बघत राहिले.

"दोन्हीकडे करंट आलाय," शेवटी म्हणाले. "जास्त झालाय. म्हणून लागत नाहीये."

"करंट जास्त झाला म्हणून दिवा लागत नाही?"

"तुला त्यातलं काय कळतंय?"

मला त्यातलं काही कळत नव्हतं. पण ताटात वाढलेलं जास्त झालं म्हणून माणूस उपाशी राहत नाही एवढं कळत होतं. मी म्हणाले, "त्या काळ्या वायरी जोडून बघा ना."

"त्यांचा संबंध नाही."

"तोडायच्या आधी सगळं चालू होतं."

"बटणाच्या डब्यात न्यूट्रलचं काम नसतं, एकदा सांगितलं ना."

हे वाक्य त्या दिवशी मी इतक्यांदा ऐकलं, की अजून कधी चुना बघितला तरी ते आठवतं. हे लाल वायरी सोडवत होते, बांधत होते, हिच्याशी ती, तिच्याशी ही. एकदा तिन्ही एकत्र जोडल्या आणि लगेच सोडवल्या, कारण तशाने म्हणे शेजारचा दिवा आपल्याच मीटरवर रात्रंदिवस जळत राहील. दुपार झाली. टाकीतलं पाणी संपलं. ह्यांची आंघोळ राहिली ती राहिलीच. मी भाजी कशीबशी शिजवली, ती दोघांनी एकमेकांकडे न बघता खाल्ली.

जेवणानंतर ह्यांनी वायरमनला फोन लावला. तो म्हणाला, "मी आज गावात नाही. उद्या सकाळी येतो. तोवर कशाला हात लावू नका."

"छे, मी कशाला लावू," हे म्हणाले. दुसऱ्या हातात पक्कड होती.

मला मात्र उद्या सकाळ नको होती. मला आजची संध्याकाळ हवी होती. खिडकीतलं ऊन ओट्यावरून सरकत भांड्यांच्या मांडणीपर्यंत आलं. मी आडून आडून म्हणून बघितलं, "निदान आजच्यापुरतं ते बटण होतं तसं लावून टाका. उद्या तो आला की काढा परत."

"म्हणजे मी हरलो असं कळवायचं का तिकडे?"

"तिकडे कोण बघतंय?"

"दिवा लागला नाही की कळेल ना त्याला, आपण बटण काढलंय ते. कळू दे."

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. दिवा भाऊजींना कळावा म्हणून विझवायचा, आणि अंधारात उभी राहणार धाकटी. आणि ठोके ऐकून गप्प बसणार मी. ती समजणार की मी मुद्दाम दिवा लावला नाही. पन्हाळीवरून चार शब्द इकडून तिकडे गेलेच असतील, आणि त्यावर हे. इतकी वर्षं जे एका चमच्यावर आणि एका पळीवर टिकलं, ते एका रविवारात जाणार.

"तुम्हाला भांडायचं तर दारात जाऊन भांडा," मी म्हणाले. "बाईमाणसाच्या स्वयंपाकघरात अंधार करून काय भांडता?"

ह्यांनी स्क्रू-ड्रायव्हर उगाचच शर्टाला पुसला. मग म्हणाले, "मेन बंद कर. एकदा शेवटचं बघतो."

मी गेले, मेन खाली ओढला. सगळं घर विझलं, फ्रिज थांबला. परत आले तर हे गुडघ्यांवर बसून टॉर्च दातांत धरून डब्यात बघत होते. बाहेर अजून थोडा उजेड होता, पण आमच्या स्वयंपाकघराला खिडकी लहान, तिथे लवकर अंधारतं. मी ओट्याला टेकून उभी राहिले. हात मोकळे होते आणि त्यांचं काय करावं कळत नव्हतं.

टक. टक.

चमच्याचे दोन ठोके, नेहमीच्या जागी, डब्यापासून जेमतेम हातभर वर. ह्यांच्या दातांतला टॉर्च हलला.

मी त्या उघड्या डब्याकडे बघितलं. बटण नव्हतं. वायरी लोंबत होत्या. मेन बंद, घरभर अंधार. दाबण्यासारखं काही नव्हतं आणि लावण्यासारखंही काही नव्हतं. पण ती तिकडे चमचा धरून थांबलेली होती, हे मला इकडून दिसत असल्यासारखं ठाऊक होतं. तिला उत्तर न देणं माझ्याच्याने होईना. मी पळी उचलली आणि एक ठोका दिला. लावला असं सांगायला नाही, खोटं तर मी बोलणारच नव्हते. मी इथे आहे एवढंच तिला कळावं म्हणून.

पलीकडून एक ठोका आला. लागला.

ह्यांनी टॉर्च तोंडातून काढला.

"मेन बंद आहे ना?" त्यांनी हळूच विचारलं.

"बंद आहे."

"नीट खाली ओढलास?"

मी परत दारापर्यंत जाऊन हात लावून बघितलं. खाली होता. परत येऊन सांगितलं. हे हातातल्या तीन वायरींकडे बघत होते, एकही कशाला लागलेली नव्हती.

"मग त्यांचा दिवा लागला कसा?"

मला उत्तर सुचलं होतं, पण ते तोंडाने म्हणायची हिंमत होत नव्हती. मी पायात चपला सरकवल्या. "मी जाऊन येते," म्हणाले. कुठे ते सांगितलं नाही, त्यांनी विचारलंही नाही. आणि नकोही म्हणाले नाहीत.

भिंतीपलीकडे जायला आख्खी आळी वळून मागच्या रस्त्याला जावं लागतं. वाटेत माझी चिडचिड वाढतच गेली. त्या दारात मी भिंत झाल्यापासून गेले नव्हते. कडी वाजवली, दार धाकटीने उघडलं. चमचा तिच्या हातातच होता.

"ताई," एवढंच म्हणाली आणि बाजूला झाली.

तिचं स्वयंपाकघर लख्ख उजळलेलं. वर तोच जुना दिवा, त्याची पांढरी टोपी मी माझ्या हाताने किती वेळा पुसलेली. मी दिव्याकडे बोट करून विचारलं, "हा कशावर लागतो गं?"

तिने दाराच्या चौकटीजवळ दाखवलं. तिथे एक बटण होतं. नवं म्हणावं तर नवं नव्हतं, बोटं लागून लागून कडेने पिवळं पडलेलं.

"आम्ही मीटर वेगळा घेतला ना, तेव्हा वायरमनने इथूनच जोडून दिला. तुमच्याकडची वायर वर कापून ठेवलीय."

"तेव्हापासून?"

"तेव्हापासून."

मला राग आला, खोटं कशाला सांगू. म्हणजे एवढी सगळी वर्षं कशालाही न लागलेलं बटण मी दाबत होते. गॅसवरचं टाकून धावत होते. "किती वेळा दूध उतू गेलंय माझं," मी म्हणाले, "त्या तुझ्या ठोक्यांपायी."

"माझं पण," धाकटी म्हणाली.

मग हळू आवाजात म्हणाली, "दिवा मिळाला म्हणून ठोकणं कसं बंद करायचं होतं, ताई? मग तुमच्याशी बोलायला माझ्याकडे काय राहिलं असतं?"

विषय बदलायचा म्हणून विचारलं, "भाऊजींना माहीत आहे?"

"त्यांच्यासमोर तर ठोकते. मागे एकदा मी तापाने पडले होते, संध्याकाळ झाली तरी उठले नाही. तर हेच आले आत, म्हणाले, आज दिवा लावायचा नाही का? आणि दिवा ह्यांच्या डोक्यावर चालू."

बाहेरच्या खोलीत कुणीतरी खाकरलं. भाऊजी खुर्चीत बसलेले असणार, दिसत नव्हते. त्यांचा आवाज आला, पण माझ्याशी नाही, बायकोशी. "विचार वहिनींना, दादाने काळ्या वायरी तोडल्या का."

धाकटीने माझ्याकडे बघितलं. मी त्या खोलीच्या दिशेने म्हणाले, "तोडल्या. सकाळीच."

"वाटलंच मला. सकाळपासून ऐकतोय, मेन खालीवर चाललाय." मग पुन्हा, "ते वायरिंग आम्ही दोघांनी केलंय, शाळेच्या सुट्टीत. वायर कमी पडत होती. दादा माळ्यावर होता. मी बाथरूमचा न्यूट्रल त्याच डब्यातून फिरवला आणि त्याला काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्याने सगळं उपसायला लावलं असतं. त्या दोन काळ्या पुन्हा पिळून टाका म्हणावं." आणि मी वळले तेव्हा, "मी सांगितलं असं सांगू नका."

घरी आले तर हे अंधारात ओट्यापाशी बसलेले. टॉर्च विझवून ठेवला होता, सेल वाचवायला.

"काळ्या जोडा," मी म्हणाले.

मला वाटलं, आता तेच ऐकू येणार, बटणाच्या डब्यात न्यूट्रलचं काम नसतं. पण त्यांनी वेगळंच विचारलं. "तो म्हणाला?"

सांगू नका म्हणून सांगितलेलं मला सांगायचं होतं. मी सगळं सांगितलं. शाळेची सुट्टी, कमी पडलेली वायर, माळा. हे ऐकत होते. मग म्हणाले, "तरीच. एवढ्या वायरीत काम झालं कसं, ह्याचं मला तेव्हाच नवल वाटलं होतं. विचारलं तर म्हणाला, माझा हात काटकसरीचा आहे." बोलता बोलता त्यांना हसू आलं आणि ते त्यांनी लगेच आवरलं.

दिव्याचंही मी सांगितलं. त्यांचा दिवा केव्हापासून त्यांच्याच बटणावर आहे, आणि तरी रोज ठोके येतात. ह्यांनी टॉर्च लावला, लाल वायरींची योग्य जोडी जोडली, दोन्ही काळ्या वायरींची टेप काढली, त्या घट्ट पिळल्या, पुन्हा टेप लावली, अगदी सावकाश. मी जाऊन मेन वर केला. फ्रिज घुरघुरला. बाथरूममधून उजेडाचा एक पट्टा बोळात पडला आणि तिथला पंप सुरू झाला.

मी वाट बघत होते, की आता हे डब्यावर फळी ठोकून तो कायमचा बंद करतील. त्याऐवजी त्यांनी कचऱ्याच्या डब्यात हात घातला. बटण बाहेर काढलं, त्यावरची चहापत्ती झटकली, ओल्या फडक्याने पुसलं, कोरड्या फडक्याने पुसलं. आणि होतं त्या जागी फळीवर बसवून स्क्रू आवळले. मागे एकही वायर लावली नाही.

"कपाट?" मी विचारलं.

"कपाट कुठे आहे आपल्याकडे?" हे म्हणाले आणि आंघोळीला गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सांगितल्याप्रमाणे वायरमन आला. सगळं चालू आहे म्हणून सांगितलं तरी त्याने सवयीने फळी उघडून बघितली. बटण वरखाली केलं, मागे डोकावला. "ह्याला वायरच नाही."

"असू दे," हे म्हणाले.

त्या संध्याकाळी मी भांडी घासत होते, कोपरापर्यंत साबण. हे पेपर घेऊन नेहमीच्या जागी. भिंतीवर दोन ठोके आले. मी हात धुवायला नळाकडे वळले, तेवढ्यात खुर्ची सरकली. हे उठले, त्या बटणापाशी गेले आणि त्यांनी ते दाबलं. पोकळ आवाज झाला, नेहमीसारखाच. मग त्यांनी खुंटीवरची पळी काढली आणि भिंतीवर एक ठोका दिला. किती द्यायचे हे मला सांगावं लागलं नाही.

पलीकडून काही आलं नाही. हे पळी धरून उभे. माझ्या पळीचा आवाज धाकटी ओळखते, हा माझा नाही हे तिला कळलं असणार. कुजबुज झाल्यासारखं वाटलं, मग पावलं. मग एक ठोका आला. चमच्याचा नव्हता. बोटाच्या पेराचा होता, जरा जड, जरा उशिरा.

ह्यांनी पळी ओट्यावर ठेवली. बोट दुमडून भिंतीवर एक ठोका दिला आणि कान जवळ नेला.

मी नळ बंद केला.